चावीचा सेल मीच बदलला

माझ्या गाडीच्या चावीला दोन बटणं होती. एक दाबलं की दारं बंद, दुसरं दाबलं की उघडी. नवी होती तेव्हा गच्चीवरून दाबलं तरी खाली गाडी टुकटुक करायची. मग हळूहळू तिला कमी ऐकू यायला लागलं. आधी फाटकातून दाबावं लागे, मग गाडीजवळ जाऊन, मग काचेला चावी टेकवून. कोणीतरी सांगितलं होतं की चावी हनुवटीला लावून दाबली की लांब जाते, म्हणून मी तसंही करायचो. समोरच्या घरातला मास्तर रिटायर झाल्यापासून दिवसभर खिडकीतच असतो. तो एकदा ओरडला, "काय काका, गाडीले दाढी करून दाखवून राहिले काय?"

मी म्हटलं, "तुमची बायको पाहाले येते म्हणून करतो जी."

त्यानं खिडकी लावली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत उघडली नाही. असं बोललं म्हणजे माणूस गप्प होतो हे मी राखेत शिकलो. शाळेत चौथीपर्यंत काय शिकवलं ते आता आठवत नाही.

राखेत म्हणजे नागपूरजवळच्या कोराडीच्या पावर हाऊसमध्ये. कोळसा जळाला की राख उरते. ती पाण्यात कालवून पाइपातून दूर तलावात सोडायची आणि पाइप तुंबला की मोकळा करायचा, हे माझं काम. उभी नोकरी मी तेच केलं. रिटायर झाल्यावर मानकापूरच्या पुढं प्लॉट घेऊन घर बांधलं, घराच्या बाजूला टिनाचं शेड टाकलं आणि त्या शेडमध्ये ही चंदेरी रंगाची छोटी गाडी आणून उभी केली. आमच्या सेक्शनमधल्या कोणाकडे गाडी नव्हती. इंजिनिअर साहेबांकडे होती आणि माझ्याकडे होती.

शेडमध्ये एकच गाडी मावते. माझा मुलगा विम्याच्या ऑफिसात आहे, आमच्यासोबतच राहतो. सून अमरावतीला नोकरीला, शनिवारी येते. मुलानं मोठी पांढरी गाडी घेतली तेव्हापासून ती रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी असते. पाखरं तिच्यावर हागतात. तो रोज सकाळी बादली घेऊन ती पुसायचा आणि पुसता पुसता माझ्या शेडकडे पाहायचा. मी ओट्यावर बसून त्याच्याकडे पाहायचो.

पितृपक्षात बायकोला रामदासपेठेत गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवायला नेलं होतं. तिचे गुडघे गेले आहेत. दवाखान्यातून बाहेर आलो, बटण दाबलं, काही नाही. काचेला लावून दाबलं, काही नाही. हनुवटीला लावलं तरी नाही. शेवटी चावी दारात घालून हातानं फिरवली. दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. बटणानं बंद केलेली गाडी चावीनं उघडली तर तिला वाटतं चोर आला. हॉर्न एकसारखा, दिवे उघडझाप. आख्खा रस्ता माझ्याकडे पाहायला लागला.

दवाखान्याचा चौकीदार धावत आला. "ओ चाचा! किसकी गाडी है?"

"तेरे बाप की है," मी म्हटलं.

"कागज दिखाओ."

"तू कौन होता बे कागज देखनेवाला?"

तो दारात आडवा उभा राहिला, मला आत बसू देईना. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. त्यानं माझं मनगट धरलं. पोरगं माझा नातू शोभेल एवढं, आणि माझं मनगट त्याच्या मुठीत असं बसलं जसं काही काठीच धरली. बायको पायरीवर बसून मुलाला फोन लावत होती. त्याचं ऑफिस तिथून जवळ. तो आला, माझ्या हातातून चावी हिसकून घेतली, चौकीदाराला बाजूला केलं, आत बसून चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि हॉर्न बंद.

"इतकंच कराचं होतं बाबा," तो म्हणाला. आणि मग चौकीदाराकडे वळून, हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माफ करा भाऊ. म्हातारे हायेत. डोकं जाग्यावर नसते कधी कधी."

लोकांनी माना हलवल्या. एक बाई तर माझ्याकडे पाहून च् च् करत गेली. मला मारलं असतं तरी चाललं असतं. मी बायकोकडे पाहिलं. ती पदरानं तोंड पुसत होती. घरी जाताना ती मुलाच्या गाडीत बसली. म्हणे, ती गाडी उंच आहे, गुडघे वाकवावे लागत नाहीत.

त्या दिवशी जेवताना मुलानं विषय काढला.

"ती चावी माह्याजवळ द्या. सेल गेला तिचा. उद्या टाकून आणतो."

"माहे हात शाबूत हायेत."

"सेलचं नाही म्हणत मी. गाडीच काढा आता. तुम्ही बी जुने झाले, ती बी जुनी झाली."

"अन तुही गाडी माह्या शेडात लावाची."

"हो, लावाची. पाखरं हागून राहिले तिच्यावर. दिसत नाही तुमाले?"

"दिसते नं. म्हणून तर सकाळी त्याईले तांदूळ टाकतो मी झाडाखाली."

हे खरं होतं. तो जेवायचा थांबला. त्याची आई म्हणाली, "जेवू द्या नं जी त्याले." पण आता तो जेवणार नव्हता.

"ठीक हाये," तो म्हणाला. "दसऱ्यापर्यंत तुमी सोता चावी दुरुस्त करा. दुसऱ्या कोणाचा हात नाही लागला पाहिजे. दसऱ्याले सकाळी गाडी चालू करून दाखवा. केली, तर मी जिंदगीत त्या गाडीचं नाव घेणार नाही. नाही झाली, तर कबाडीवाला येईन अन तुमी कागदावर सही कराल. आणि मंग गाडी चालवणं बंद, कोणाचीच नाही. जबान?"

"जबान," मी म्हटलं.

मी त्याच्या आईकडे पाहिलं. ती भात वाढत होती. डाव तिनं जोरात भांड्यावर आपटला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी बर्डीच्या बाजारात घड्याळाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, सेल दे.

"कायचा सेल?"

"गाडीच्या चावीचा."

"कोणत्या गाडीच्या?"

"माह्या."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, ह्यात लय प्रकार येतात. जाडा, पातळ, मोठा, लहान. चावी इकडं द्या, उघडून पाहतो अन बसवून बी देतो."

"तू हात नाही लावाचा."

"मंग कसं समजन मले?"

"सगळेच दे एक एक."

त्यानं सगळे दिले. बाजूला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो डोळा मारत होता ते मला काचेत दिसलं. मी निघताना त्याला सांगितलं, "घड्याळाचं दुकान टाकून बसला अन भिंतीवरचं तुहं घड्याळ मागं हाये." ते खरंच मागं होतं. त्यानं वळून पाहिलं.

घट बसले त्या दिवशी सकाळी मी ओट्याच्या पायरीवर बसलो. मांडीवर पंचा पसरला. चावीच्या बाजूला केसासारखी फट होती, तिच्यात नाणं घालून पिळलं. टक्कन दोन फाका झाल्या. आत हिरवी पट्टी, तिच्यावर गोल सेल, आणि सगळीकडे लाल चिकट घाण. ती हळदकुंकवाची होती. दर दसऱ्याला बायको गाडीची पूजा करते तेव्हा चावीलाही बोट लावते. इतक्या वर्षांचं ते फटीतून आत जाऊन वाळून बसलं होतं.

आता राखेत काम केलेल्या माणसाची एक गोष्ट सांगतो. कोराडीला राख कुठं जात नव्हती? घड्याळात जायची, कानात जायची, बंद डब्यातल्या भाजीत जायची. म्हणून आमच्याकडे कोणतीही वस्तू उघडली की पहिलं काम, ती उलटी करून तळहातावर ठोकायची आणि फुंकर मारायची. स्विच असो, मोटार असो, टॉर्च असो, जेवणाचा डबा असो. विचार करायचा नाही, उघडली की ठोक आणि फुंक. आमच्या सेक्शनमधला माणूस लग्नात हातात पेढ्यांचा बॉक्स आला तरी आधी फुंकर मारायचा, मग पेढा खायचा. लोक हसायचे. आमच्या लक्षातही येत नसे.

मी चावीची फाक उलटी केली, ठोकली, फुंकली. कुंकवाची खपली पडली, थोडी धूळ पडली, आणि एक काळा दाणा पडला. लवंगेच्या डोक्याएवढा. कोळशाची कणी असते तसा, फक्त कडा सरळ होत्या. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, इथंही कोळसा आला काय बे. आणि पंचा झटकला.

मग एक एक सेल लावून पाहिला. जो बसला तो बसवला. फाका दाबून बंद केल्या. बटण दाबलं.

टुकटुक!

मी फाटकाबाहेर जाऊन दाबलं. टुकटुक. मास्तरच्या घरासमोरून दाबलं. टुकटुक. गच्चीवर चढून दाबलं तरी टुकटुक. खाली येऊन मी मुलाला आवाज दिला. तो बनियानवर ब्रश तोंडात धरून बाहेर आला. मी म्हटलं, "ये नं सायेब. पाह्य, चौथी पास माणसानं काय केलं. तू तर एवढा शिकला, पण बल्ब बदलाचा असला तरी माणूस बोलवतं. तुह्या बापानं आयुष्यभर गू नाही काढला, राख काढली, म्हणून तू आज विम्याच्या खुर्चीत बसून लोकाईले मरणाच्या गोष्टी सांगतं."

मास्तर खिडकीत होता, त्याची बायकोही होती. बाजूच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बायका घमेली ठेवून पाहत होत्या. मुलाच्या तोंडात फेस, तो काही बोलू शकत नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आता पाह्य," मी म्हटलं आणि आत बसून चावी फिरवली.

गाडी घुर्र झाली, लागली, आणि विझली. पुन्हा फिरवली. लागली, विझली. स्टिअरिंगमागच्या घड्याळांच्या मधे एक लाल दिवा उघडझाप करत होता, चावीच्या आकाराचा. तसा मी कधी पाहिला नव्हता. मी पुन्हा फिरवली, पुन्हा, पुन्हा. दर वेळी एक श्वास घ्यायची आणि मरायची. शेवटी गाडीची मोठी बॅटरीच बसली आणि नुसती कट् कट् करायला लागली. तोपर्यंत मुलानं चूळ भरली होती. तो चहाचा कप घेऊन आला होता आणि फाटकाला टेकून पीत होता.

"झालं?" तो म्हणाला. "आता दारं मस्त उघडतात जी, नाही? बसाले कामी येईन."

बायका हसल्या. एकीनं घमेलं उचलता उचलता पुन्हा ठेवलं, इतकं हसू आलं तिला. मास्तरनं खिडकी लावली नाही.

मी दोन दिवस बॅटरी काढून चार्ज केली, तारा घासल्या, पेट्रोल तपासलं. लागायची आणि विझायची. मग मी सिटी बसनं कोराडी नाक्यावर गेलो. तिथं एक मिस्त्री आहे, माझ्या ओळखीचा. जबान कोणाचा हात लावायचा नाही अशी होती, विचारायचं नाही अशी नव्हती.

मिस्त्री ट्रकखाली निजून होता. मी त्याच्या पायांशी बोललो. लागते आणि विझते म्हटल्यावर तो खालूनच म्हणाला, "लाल चावी पेटते काय काका?"

"पेटते."

"अन चावी उघडली होती काय?"

"सेल बदलला. मी सोता."

तो सरपटत बाहेर आला. "आतमध्ये एक काळा दाणा होता. सेलच्या खाली, कोपऱ्यात. तो कुठं हाये?"

मी माझ्या तळहाताकडे पाहिलं.

"ठोकली काय चावी? फुंकली?" तो उठून बसला आणि हसायला लागला. इतका हसला की बाजूच्या टपरीवरचे लोक आले. "अरे ऐका रे, ह्या काकानं गाडीचं काळीजच फुंकून टाकलं! राखवाले हायेत, राखवाले! दुसरं कोणी नाही करणार हे."

मग त्यानं समजावलं. सेल फक्त दारं उघडायला. गाडी सुरू करायला सेल लागत नाही, तो दाणा लागतो. दाणा जवळ असला की गाडी चावीला ओळखते. नसला की तिला वाटतं चोरानं दुसरी चावी बनवून आणली, आणि ती आपण होऊन मरते.

"म्हणजे गाडीत बिघाड काहीच नाही," तो म्हणाला. "ती तुमाले ओळखून नाही राहिली काका, बस. दुसरी चावी हाये काय?"

दुसरी चावी फार वर्षांपूर्वी गर्दीत पडली होती.

"मंग मशीनवाला माणूस बोलवा लागते. तो नवी चावी गाडीले शिकवते."

माणूस बोलवायचा नव्हता. मी म्हटलं, "तो दाणा सापडला तर?"

"सापडला तर आत ठेवा अन चालवा. त्याले काही होत नाही. पाण्यात पडला तरी चालते."

मी घरी आलो आणि शोधायला बसलो. पंचा जिथं झटकला होता तिथं पायरी, पायरीखाली फरशी, फरशीच्या पुढं मातीचा वाफा. मी आधी पायरीच्या फटी काडीनं कोरल्या. मग फरशी हातानं चाचपली. मग वाफ्यातली माती घमेल्यात काढून पिठाच्या चाळणीनं चाळायला घेतली. ऊन कडक होतं, नागपुरात घटाच्या दिवसांत पावसाचं पाणी वाळून जातं आणि ऊन पाठीत घुसतं. मी गुडघ्यांवर बसून माती चाळायचो, काळं जे दिसेल ते उचलून तळहातावर घ्यायचो. गोगलगाईची विष्ठा, जळकं लाकूड, मिरीचा दाणा. रोज हेच. मुलगा ऑफिसला जाताना थांबायचा.

"काय शोधून राहिले बाबा?"

"काही नाही."

"सोनं पेरलं होतं काय? आताच निंघालं? दसऱ्याले तर वेळ हाये नं."

संध्याकाळी येऊन तो तेच विचारायचा, आणि हातात चहा घेऊन माझ्यासमोर पायरीवर बसायचा. बायको घटाला पाणी घालून दारात येऊन उभी राहायची, पाहायची, आत जायची. मला वाटलं, तिला माझं वाईट वाटतं आहे.

नवमीला दुपारी मुलगा ऑफिसात होता. वाफ्यातली सगळी माती एकदा चाळून झाली होती, मी दुसऱ्यांदा चाळत होतो. ती दारात आली.

"उठा जी आता. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"नाही सापडत तो."

"तुले काय माहीत काय शोधतो ते?"

"माहीत हाये. काळा दाणा." ती दाराला धरून हळूहळू खाली बसली, गुडघे तिला बसू देत नव्हते. "तुमी सेल बदलला त्याच दिवशी झाडताना सापडला मले. पायरीखाली होता. पोराले दाखवला, म्हटलं का होय हे. त्यानं फोनमध्ये पाहिलं अन सांगतलं."

"अन?"

"म्हणे, देऊ नको त्याईले."

"मंग कुठं हाये तो?"

"कचऱ्याच्या गाडीत टाकला. मीच टाकला. पोरगा नाही म्हणे टाक. तो म्हणे, ठेव. मीच टाकला."

माझ्या हातात चाळणी तशीच. मी तिला विचारलं, "म्हणजे एवढे दिवस मी इथं माती चाळून राहिलो, अन तुमी दोघंही पाहून राहिले?"

"पाहून राहिलो."

"काहून वं?"

ती एकदम बोलली, असं बोलली की जसं पाठ करून ठेवलं होतं. "आखाडात आपण खापरखेड्याले जाऊन राहिलो होतो. कोळशाचा ट्रक समोरून आला. तुमाले दिसलाच नाही. मी बोंबलली तवा तुमी फिरवली. तवापासून मी तुमच्या गाडीत डोळे लावून बसतो. देवाचं नाव घेत बसतो. घर आलं की डोळे उघडतो. मले तुमच्या हातानं मराचं नाही जी. गुडघे गेले, बाकी मी चांगली हाये. मले जगाचं हाये अजून."

"ट्रक दिसला होता मले."

"नाही दिसला."

"दिसला होता."

"बरं," ती म्हणाली. "दिसला होता." आणि दाराची चौकट धरून उठली. मी हात दिला नाही. ती उठेपर्यंत बराच वेळ लागला, मी बसून पाहत राहिलो.

ट्रक मला दिसला होता. आजही सांगतो.

आता माझ्या हातात गोष्ट होती. मुलानं बेइमानी केली होती. जबान मोडायला मी मोकळा होतो, मशीनवाला बोलवून गाडी सुरू करून त्याच्या तोंडावर हॉर्न वाजवायला मोकळा होतो. दिवसभर मी तेच ठरवत होतो. पण मग मला दिसलं की मी गाडी सुरू करीन, फाटकाबाहेर काढीन, आणि बायकोला म्हणीन बस. आणि ती बसेल. माझं ऐकायचं म्हणून बसेल, आणि डोळे मिटून घेईल. आता मला माहीत असेल. आरशात मला ती दिसत राहील. ज्या गाडीत माझी बायको मढ्यासारखी डोळे मिटून बसते ती गाडी मला नको होती. आणि मुलाला तू बेइमान आहेस म्हटलं असतं, तर तो मास्तरच्या खिडकीसमोर ओरडून सांगणार होता की आईलाच तुमची भीती वाटते. रामदासपेठेत तो जे बोलला ते मी ऐकून घेतलं होतं. हे मी ऐकून घेणार नव्हतो.

दसऱ्याला सकाळी कबाडीवाला आला. मुलानं कागद पुढं केला. त्याला वाटलं होतं मी भांडीन. तो भांडणाची तयारी करून आला होता, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"सही कुठं?" मी विचारलं.

त्यानं बोट ठेवलं. मी सही केली, पूर्ण नावाची, वळणदार. कबाडीवाल्यानं टोचन लावलं, गाडी दोरानं ओढत फाटकाबाहेर नेली. बायको दारात होती. ती रडत होती. मी म्हटलं, "कायले रडतं वं? वाचली नं."

मुलानं चमकून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं की मला कळलं. त्यानं काही म्हणावं म्हणून मी थांबलो. तो गेला आणि आपल्या गाडीला झेंडूचा हार घालायला लागला.

हार घालून झाल्यावर त्यानं गाडी सुरू केली, वळवली आणि शेडसमोर आणली. तोपर्यंत मी घरातून लोखंडी खुर्ची आणून शेडच्या मधोमध टाकली होती आणि तिच्यावर बसलो होतो.

त्यानं हॉर्न दिला. मी बसलोच.

त्यानं काच खाली केली. "बाबा, उठा. गाडी लावतो."

"लाव नं. मी कुठं नाही म्हटलं?"

"तुमी बसले नं तिथं."

"मी माह्या जाग्यावर बसलो. गाडी चालवणं बंद म्हटलं होतं, ते बंद केलं. बसणं बंद करतो असं नव्हतं म्हटलं."

"जबान दिली होती तुमी."

"गाडीची दिली. जागेची नाही. आन अंगावर. तुले कोण अडवते? म्हाताऱ्याचं डोकं जाग्यावर नसते, चाकाखाली आला म्हणून सांगजो. विम्याचं बी तुलेच समजते."

मास्तरच्या खिडकीत मास्तर होता. मुलगा बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिला. मग त्यानं गाडी मागं घेतली आणि कडुनिंबाखाली लावली. दार इतक्या जोरात आपटलं की वरची पाखरं उडाली.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला घरोघर जातात. बायको आपट्याची पानं घेऊन शेडमध्ये आली. पायाला हात लावायला वाकता येत नाही म्हणून ती नेहमी पान माझ्या हातात देते आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो. तिनं पान पुढं केलं. मी हात मांडीवरच ठेवले.

"घ्या नं जी. सणाचा दिवस हाये."

"पोराले दे. त्याच्या गाडीत डोळे उघडे ठेवून बसतं नं तू."

ती पान धरून उभी राहिली. मला माहीत होतं की तिला फार वेळ उभं राहवत नाही. मी तिला बस म्हटलं नाही, आणि बसायला दुसरी खुर्चीही तिथं नव्हती.

"उठा तरी इथून," ती म्हणाली. "जेवाले चाला. पुरणपोळी केली हाये."

"इथंच आणून दे."

"अन रोज इथंच बसाल काय?"

"रोज."

"पोरगा ऐकणार नाही."

"मंग तू सांगजो त्याले," मी म्हटलं. "तुहं ऐकते तो."